हिरव्या चहाआधी पाणी चाखा

अक्कलकोटात कितीतरी घरांच्या फळीवर ग्रीन टीचा एक डबा असतो. हौसेनं आणलेला, दोन-चारदा करून पाहिलेला आणि ‘कडू लागतो’ म्हणून मागे सरकवलेला. नात्यागोत्यातले असे डबे मी उघडून पाहिले आहेत, वास घेतला आहे, त्यातली पत्ती घरी आणून करून पाहिली आहे. बहुतेक वेळा दोष पत्तीचा नव्हता. चव बिघडवली होती ती बोअरच्या पाण्यानं आणि खळखळत्या उकळीनं. काही घरांत तर चवीवर भागलं नाही, तब्येतीवर आलं, कारण हा चहा औषध म्हणून उपाशीपोटी घेतला गेला. आमच्याच घरात हे सगळं होऊन गेलं, म्हणून लिहिते आहे. महागड्या चहाबद्दल मला काही सांगायचं नाही. रोज परवडेल अशा, सुट्या पानांच्या साध्या चिनी ग्रीन टीबद्दल सांगायचं आहे. तो नीट केला तर फार छान लागतो, आणि नीट करणं अवघड नाही.

माझा भाचा सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात आहे. मशिनरीच्या कामासाठी चीनला गेला होता, येताना चहाची दोन पाकिटं घेऊन आला. सजवलेल्या पेट्यांच्या दुकानातली नव्हेत, तिथली माणसं किराणा घेतात तिथली. एकात मिऱ्याएवढ्या, घट्ट वळलेल्या करड्या-हिरव्या गोळ्या होत्या, ती गनपावडर. दुसऱ्यात बारीक, बाकदार पत्ती, ती चुनमी. गनपावडरचं मूळ गाव झेजियांग प्रांतात, शाओशिंगजवळचं पिंगशुई. चीनमधून बाहेर जाणाऱ्या ग्रीन टीत या दोन प्रकारांचा वाटा मोठा आहे आणि त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे मोरोक्को. तिकडे याच पत्तीत पुदिना आणि भरपूर साखर घालून दिवसभर पितात. म्हणजे हा काही निवडक लोकांनी निवडक प्रसंगी घ्यायचा चहा नाही. कष्टाच्या माणसाचा, रोजचा चहा आहे.

सासूबाईंनी ती पत्ती आपल्या चहासारखीच केली. पातेल्यात पाणी, साखर, ठेचलेलं आलं, पत्ती, आणि रंग उतरेपर्यंत उकळी. आपली चहा पावडर अशीच करायची असते. ती सीटीसी, म्हणजे १९३०च्या दशकात आसामात निघालेल्या यंत्रानं पान चिरडून, फाडून, त्याची गोळी करून बनवलेली. ती उकळूनच उतरते आणि तिचा तुरटपणा दुधातली प्रथिनं धरून ठेवतात. ग्रीन टीचं सगळं तंत्र निराळं. पान तोडलं की फार वेळ न घालवता तापलेल्या कढईत परततात. कापलेलं सफरचंद ज्या एन्झाइममुळे काळं पडतं तसलंच एन्झाइम चहाच्या पानात असतं. कढईच्या धगीनं ते निकामी होतं आणि पान हिरवं राहतं. जपानात हेच काम वाफेवर करतात. आता या चहात दूध पडत नाही, मसाला पडत नाही, त्यामुळे पाण्यातला आणि आचेतला एकही दोष झाकला जात नाही. त्या दिवशी आमच्या कपात जे उतरलं तो तपकिरी काढा होता. सासऱ्यांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला, आणि त्यांनी ठेवला म्हणून बाकीच्यांनीही ठेवला.

मला मात्र त्या काढ्यावरचा तवंग खटकला. उजेडाकडे धरला की चकाकायचा, चमच्यानं ढकलला की भेगाळायचा. चहात तेल नाही, तूप नाही, मग तवंग कशाचा? तो पाण्याचा होता. पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट, चहातले पॉलिफिनॉल आणि हवेतला ऑक्सिजन यांचा मिळून तो पापुद्रा जमतो. आमच्या भागातली बोअरं काळ्या बेसाल्टच्या खडकात खणलेली, पाणी जड. गिझरची कॉइल पांढरी पडते, तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या घेऊनही दडदडीत राहते, साबणाला फेस येत नाही, हे इथल्या बाईला सांगावं लागत नाही. पण तेच पाणी चहात काय करतं याकडे आपण बघत नाही, कारण दुधाच्या चहात ते दिसतच नाही.

भारतीय मानक आयएस १०५०० पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम धरतं, आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. कठीणपणाचे आकडे असेच २०० आणि ६००. म्हणजे मानकात बसणारं पाणी चहाला मानवेलच असं नाही. काश्मिरात नून चाय करताना ग्रीन टीच्या पत्तीत मुद्दाम खाण्याचा सोडा घालतात, रंग लाल-गुलाबी यावा म्हणून. तिथे तो हवा असतो. आपल्या बोअरच्या पाण्यातला क्षार तसंच काहीसं काम न सांगता करतो आणि आपण चहाला बोल लावतो.

ज्यांनी डबा मागे सरकवला आहे त्यांनी आधी एवढं करून बघावं. आतून पांढऱ्या, एकसारख्या तीन वाट्या घ्या. तिन्हींत चिमूटभर, सारखीच पत्ती टाका. एकीत बोअरचं, दुसरीत नळाचं, तिसरीत आरओचं पाणी, तिन्ही सारखं गरम केलेलं. दोन मिनिटांनी गाळा आणि खिडकीपाशी नेऊन बघा. आमच्याकडे बोअरची वाटी बघता बघता मळकट झाली. वास जवळजवळ नाहीच, आणि चव खडूचं बोट जिभेला लागल्यासारखी. नळाच्या वाटीत पिवळसर हिरवा, नितळ चहा उतरला, पण त्याला क्लोरीनचा वास होता. आरओची वाटी सगळ्यात चमकदार आणि वासाला सगळ्यात मोकळी. घोट मात्र पातळ, जिभेवरून नुसता घसरून गेलेला. पत्ती एकच, आणि तीन निरनिराळे चहा. घरातल्या सगळ्यांनी ते चाखले, सासऱ्यांनीसुद्धा, आणि त्या दिवसानंतर आमच्या घरी ‘पत्ती खराब’ हा शब्द कुणी काढला नाही.

तेव्हापासून आमचं असं ठरलं आहे: नळाला पाणी आलं की एक पातेलं चहासाठी बाजूला भरायचं, तोंडाला फडकं बांधून रात्रभर ठेवायचं, म्हणजे क्लोरीनचा वास उडतो. ज्या आठवड्यात नळाचं पाणी गढूळ येतं किंवा येतच नाही, तेव्हा आरओचं. आरओच्या बहुतेक मशिनांना टीडीएस कमी-जास्त करायची एक लहानशी चावी असते. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाकडे मीटर असतो. त्याला शंभरच्या आसपास ठेवायला सांगा. वीस-तीसवर आणलेलं पाणी चहाला फार कोरडं पडतं. चावी नसेल तर चार भाग आरओला एक भाग नळाचं पाणी मिसळा. वीस लिटरच्या जारचं पाणी वापरायचं असेल तर एकदा मीटर लावून घ्या, कारण प्रत्येक प्लांटचं वेगळं असतं. आणि बोअरचं पाणी नुसतं उकळून, निवळून काम भागेल असं समजू नका. उकळल्यावर काही क्षार तळाला बसतात, बरेच तसेच राहतात.

आठव्या शतकात चीनमध्ये लू यू नावाच्या विद्वानानं चहावर ग्रंथ लिहिला, ‘चा जिंग’. त्यात त्यानं चहाच्या पाण्याची प्रतवारी लावून ठेवली आहे. डोंगरातलं पाणी उत्तम, नदीचं मध्यम, विहिरीचं सगळ्यात शेवटी. आपल्याकडे डोंगर नाही. बोरी नदीवरच्या कुरनूर धरणाचं पाणी नळाला येतं, ते दुसऱ्या प्रतीत बसतं, बोअर तिसऱ्या. बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचं म्हणणं आमच्या स्वयंपाकघरातल्या तीन वाट्यांनी जसंच्या तसं दाखवलं, याचा मला फार आनंद झाला होता.

आता आचेचं. ग्रीन टीला उकळतं पाणी नको, हे हल्ली पाकिटावर लिहिलेलं असतं, पण का नको ते लिहिलेलं नसतं. पानात तुरटपणा देणारे कॅटेचिन असतात, कडवटपणा देणारं कॅफिन असतं आणि गोडसर, रसदार चव देणारी थिअनिनसारखी अमिनो आम्लं असतात. गोडसर भाग कोमट-गरम पाण्यातही सहज उतरतो. तुरट आणि कडू भाग पाणी जितकं तापलेलं तितका जोरानं उतरतो. म्हणून ७५ ते ८० अंशाचं पाणी असलं की गोडवा पुढे येतो, आणि खळखळत्या पाण्यात तो दबून जातो. गनपावडर घट्ट वळलेली असल्यामुळे तिला ८० ते ८५ चालतं, थोडं लागतंही. चुनमीला ८०च्या खालीच ठेवावं. भाच्यानं आणलेल्या पाकिटांच्या बाबतीत मला तरी असंच दिसलं.

थर्मामीटर कुणाकडे असतो? मी असं करते. पाणी एकदा नीट उकळून घ्यायचं, मग गॅस बंद करून ते एका स्टीलच्या भांड्यात ओतायचं, तिथून दुसऱ्यात. दर ओतण्याला पाणी साधारण आठ-दहा अंशांनी उतरतं. दोन भांडी बदलली की ८०च्या जवळपास येतं. मे महिन्यात, स्वयंपाकघरच चाळीस अंशावर असताना, भांडी तापलेली असतात आणि पाणी लवकर उतरत नाही. तेव्हा तिसरं भांडं घ्यावं लागतं किंवा पाच मिनिटं थांबावं लागतं. डिसेंबरात भाकरीच्या तव्याशेजारी उभं राहून केलं तरी एकदा कमी ओतलेलं बरं. आरओचं किंवा उकळून निवलेलं पाणी असेल तर पुन्हा उकळीपर्यंत न्यायचीही गरज नाही. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे चिकटून बसले, काही सुटून वर यायला लागले आणि पातेलं हलकं कुजबुजू लागलं की उतरवायचं. लू यूनंही उकळीच्या तीन पायऱ्या बुडबुड्यांवरून आणि आवाजावरूनच सांगितल्या आहेत, आणि लाटा उठू लागल्या की ते पाणी फार झालं असं म्हटलं आहे. त्याची रीत वेगळी होती, पानांची वडी दळून भुकटी करून ती पाण्यात टाकायची. तरी कान आणि डोळे वापरायचे, हे त्याच्याकडून घेण्यासारखं आहे.

पत्तीचं माप चमच्यानं घेतलं तर फसगत होते. गनपावडर जड असते, चहाचा एक सपाट चमचा भरला की जवळजवळ तीन ग्रॅम होते. मोकळ्या पानांचा चहा असेल तर तेवढ्याच वजनाला दोन-तीन चमचे लागतात. सोनाराचा काटा नको, पण स्वयंपाकघरातला लहान इलेक्ट्रिक काटा असेल तर एकदा तोलून डोळ्यांत भरून घ्या. तीन ग्रॅमला दोनशे मिली पाणी, म्हणजे घरातला मोठा पेला. पहिलं पाणी दीड ते दोन मिनिटं, मग सगळं गाळून घ्यायचं. पानांत पाणी साठून राहिलं तर दुसरा कप हमखास कडू. दुसऱ्या पाण्याला थोडा कमी वेळ पुरतो, कारण पान एव्हाना उलगडलेलं असतं. तिसऱ्याला तीन मिनिटं द्या आणि पाणीही जरा गरम घ्या. गनपावडर तीन पाणी सहज देते. चीनमध्ये पुष्कळ लोक गाळणीच्या भानगडीत पडतच नाहीत. उंच काचेच्या पेल्यात थोडीशी पत्ती, वर गरम पाणी, आणि अर्धं पिऊन झालं की पुन्हा भरायचं. दुकानात, शेतावर, ऑफिसात हे बरं पडतं. फक्त पत्ती निम्मी टाकावी.

चाखायचं म्हणजे काय करायचं, हेही सांगते, कारण नुसतं ‘छान’ किंवा ‘कडू’ म्हणून पुढच्या वेळी काही सुधारत नाही. रिकामा पेला गरम पाण्यानं विसळून घ्या, पाणी टाकून द्या, त्या ओलसर गरम पेल्यात कोरडी पत्ती टाकून क्षणभर झाका आणि मग नाक लावा. परतलेल्या ताज्या चिनी ग्रीन टीचा वास मला पहिल्यांदा नीट आला तेव्हा मी चटकन म्हणाले, हा तर हुरडा. गोवऱ्यांच्या आरातून काढून तळहातावर चोळलेल्या ज्वारीच्या कोवळ्या दाण्यांना जो हिरवा-भाजका वास असतो, अगदी तो. ज्याला हुरडा कळतो त्याला हा चहा कळायला वेळ लागत नाही. हा वास आला तर पत्ती जिवंत आहे. जुन्या वहीचा, पोत्याचा किंवा नुसता वाळल्या गवताचा वास आला तर तिच्यावर पाण्याची मेहनत फुकट आहे. गनपावडरला थोडा धुरकट वास असतो, तो दोष नव्हे. धूरच धूर येत असेल तर मात्र पत्ती करपलेली. चुनमीत किंचित आंबूस झाक असते, काहींना ती आवडत नाही, मला आवडते.

घोट तोंडात फिरवा. कडूपणा जिभेवर कळतो आणि लवकर जातो. तुरटपणा हिरड्यांना, गालांना आतून ओढून धरतो. थोडा तुरटपणा असावाच. घोट गिळल्यावर तो सुटतो आणि मागून घशाशी गोडवा येतो, त्यासाठीच हा चहा प्यायचा. तो गोडवा आलाच नाही आणि तोंड नुसतं कोरडं पडलं, तर पुढच्या वेळी आधी पाणी निववा, मग वेळ कमी करा, आणि त्यानंतरच पत्ती कमी करा. लोक पहिल्यांदा पत्ती कमी करतात, मग चहा कडूही राहतो आणि पांचटही होतो.

नवं पाकीट आणलं की मी एकदा मुद्दाम कडक करून बघते. चहा तपासणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ ३१०३: शंभर मिलीला दोन ग्रॅम पत्ती, उकळतं पाणी, सहा मिनिटं. पिण्यासाठी हा चहा नसतोच. पत्तीत जे जे वाईट आहे ते सगळं बाहेर यावं म्हणून तो असा करतात. मग उरलेली पानं पांढऱ्या ताटलीत पसरा आणि बोटांनी उलगडा. कोवळं टोक, त्याखालची एक-दोन अख्खी पानं मिळाली तर मालाला किंमत योग्य दिलीत. नुसते तुकडे, काड्या, पिवळी जाड पानं निघाली तर पुढच्या वेळी ते पाकीट घेऊ नका. पानांच्या कडा लालसर दिसल्या तर कढईची धग उशिरा किंवा कमी लागलेली. काळे ठिपके म्हणजे करपलं. एवढं एका ताटलीत कळतं.

भाच्याची पाकिटं संपल्यावर मी एका दुकानातून सुटा ‘चायनीज ग्रीन टी’ आणला. काचेच्या मोठ्या बरणीत, दारापाशी, उन्हात. रंगानं तपकिरीकडे झुकलेला आणि शेजारच्या वेलदोड्याचा वास लागलेला. दुकानदार म्हणाला ताजा आहे, आणि त्याच्या लेखी तो ताजाच असेल, गेल्या महिन्यात बरणीत भरलेला. पण ग्रीन टीचं वय तोडणीपासून मोजायचं. साध्या चहाला तोडणीपासून वर्ष, फार तर दीड वर्ष, तेही बंद पाकिटात. म्हणून इथे पुन्हा भरलेलं पाकीट असेल तर पॅकिंगच्या तारखेवर विसंबू नका, उत्पादनाची तारीख शोधा. आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असलाच पाहिजे. नसेल तर घेऊ नका. गनपावडरच्या पाकिटावर ३५०५ आणि चुनमीच्या पाकिटावर ९३७१ किंवा ४१०२२ असे आकडे दिसतात. ते वर्ष नव्हे, किंमत नव्हे, चीनच्या निर्यातीतले प्रतीचे क्रमांक आहेत.

भेसळीची भीती मात्र खोटी नाही. १८४०च्या दशकात रॉबर्ट फॉर्च्यून हा वनस्पतीतज्ज्ञ चीनच्या चहाच्या कारखान्यांत फिरला तेव्हा परदेशी पाठवायच्या ग्रीन टीला प्रशियन ब्लू हा निळा रंग आणि जिप्सम चोळताना त्यानं पाहिलं. बाहेरच्या गिऱ्हाइकाला चहा फार हिरवा दिसायला हवा होता, म्हणून. आजही जास्तच एकसारखी, चकचकीत, निळसर हिरवी पत्ती दिसली तर हात आखडता घ्यावा. एफएसएसएआयनं सांगितलेली घरगुती तपासणी सोपी आहे: गाळणकागदावर थोडी पत्ती पसरायची, पाणी शिंपडायचं, मग कागद नळाखाली धुऊन उजेडात धरायचा. रंग मिसळला असेल तर कागदावर डाग राहतात.

पण ‘चायनाचा माल’ म्हणून नाक मुरडायचं, हे मला पटत नाही. आमच्या जिल्ह्यानं तरी असं बोलू नये. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथल्या जखमींची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. सोलापुरात त्यांचं स्मारक आहे, तिकडे शिजियाझुआंगमध्येही आहे. माल बघावा, पाकीट बघावं, नाव ऐकून ठरवू नये.

किमतीचं गणित एकदा करून ठेवा. समजा शंभर ग्रॅम चारशे रुपयांना मिळाला. तीन ग्रॅमची पत्ती बारा रुपयांची, तिची तीन पाणी, म्हणजे कप चार रुपयांना. देवळाजवळच्या टपरीवरच्या चहापेक्षा स्वस्तच. गुरुवारी आमच्याकडे पुण्या-मुंबईहून दर्शनाला पाहुणे येतात, त्यांतले दोघे-तिघे दूध नको म्हणणारे असतातच. त्यांना मी आता बिनधास्त हा चहा देते. चिनी पत्ती मिळालीच नाही तर हिमाचलातला कांगडा ग्रीन टी घ्यावा. करायची रीत हीच.

आता धाकट्या जावेचं. वजन कमी करण्याच्या एका वर्गात तिला सांगितलं गेलं की कडक ग्रीन टी सकाळी उपाशीपोटी आणि दोन्ही जेवणांनंतर लगेच घ्यायचा. ती मनापासून करणारी बाई, तिनं नेमानं केलं. आधी मळमळ, मग छातीत जळजळ, रात्री झोप नाही. त्यात तिच्या लोहाच्या गोळ्या सुरू होत्या, तरी हिमोग्लोबिन वर सरकेना. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, चहा कधी घेता? तिथे उलगडा झाला. चहातले पॉलिफिनॉल अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. आपलं लोह बहुतेक ज्वारी-बाजरी, डाळी, पालेभाज्यांतून येतं, आणि नेमकं याच लोहाला चहा जास्त अडवतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं २०२४च्या आहारसूचनांत जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळा असं स्पष्ट म्हटलं आहे. जावेनं वेळ बदलली, उपाशीपोटी घेणं बंद केलं, कडकपणा कमी केला. मळमळ लगेच थांबली, झोप परत आली, आणि गोळ्याही पुढे लागू पडल्या.

म्हणून मी बायकांना आवर्जून सांगते. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे, ज्या गरोदर आहेत, ज्यांना रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी हा चहा नेमानं सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. गोळ्या-कॅप्सूलमधल्या ग्रीन टीच्या अर्कापासून तर लांबच राहावं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ साली असा निष्कर्ष काढला की अशा पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी, म्हणजे चहातलं मुख्य कॅटेचिन, पोटात गेलं तर यकृतावर ताण आल्याच्या खुणा दिसतात. कपातला चहा आणि अर्काची गोळी यांत फार अंतर आहे. पण वजन उतरवायचं म्हणून कपावर कप कडक करून पिणारी माणसं ते अंतर स्वतःच कमी करत असतात. आमच्याकडे आता सकाळी अकराला एक आणि दुपारी चारला एक, सोबत मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे. चवीसाठी प्यायचा असला की एवढा पुरतो.

साठवणीत आपल्याकडचे शत्रू दोन, ऊन आणि मसाला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो आणि स्वयंपाकघरात काळ्या तिखटाचा, शेंगाचटणीचा डबा शेजारीच असतो. पत्ती सगळे वास ओढून घेते. पन्नास-शंभर ग्रॅमच्या वर आणू नका. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, त्यात पाकीट तसंच दुमडून, आणि डबा खालच्या, अंधाऱ्या फळीवर, मसाल्याच्या मांडणीपासून लांब. न उघडलेलं पाकीट फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही, पण बाहेर काढल्यावर दोन-तीन तास तसंच राहू द्या आणि मग उघडा, नाहीतर आत दव धरतं.

आणि याच उन्हाळ्यासाठी एक सोय. एक लिटर आरओचं किंवा उकळून गार केलेलं नळाचं पाणी काचेच्या बाटलीत घ्या, त्यात पाच-सहा ग्रॅम चुनमी टाका आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवा. सहा तासांत चहा तयार होतो. गार पाण्यात तुरटपणा फारसा उतरतच नाही, त्यामुळे ज्यांना गरम ग्रीन टी अजिबात चालत नाही तेही हा मागून घेतात. साखर लागत नाही, लिंबू पिळलं तरी चालतं. बाटली ओट्यावर, उन्हाच्या झळीत ठेवून हा चहा करू नका, पाणी नासतं. गाळून पानं लगेच काढून टाका आणि त्याच दिवशी संपवा.